आईच्या अकरा चाली

माझे वडील पाण्याच्या खात्यात मीटर वाचायचे काम करत आणि गाणी लिहीत. दोन्ही कामं ते एकाच वेळी करत, म्हणून त्यांच्या ऑफिसातले लोक त्यांना 'मीटर' म्हणायचे. सकाळी हजेरी लावताना कुणीतरी हमखास विचारायचं, "काय मीटर, बसलं का मीटरमध्ये?" बाबा हसायचे. गाण्याची ओळ बसली असेल तर थोडं जास्त हसायचे.

त्यांची पद्धत साधी होती. काखेत नोंदवही, हातात मीटरचं झाकण उचलायचा लोखंडी आकडा, आणि दिवसभर पायी फिरणं. एका घराच्या फाटकापासून दुसऱ्या घराच्या फाटकापर्यंत जेवढी पावलं, तेवढी एक ओळ. बंगल्यांच्या रस्त्यावर लांब ओळी सुचायच्या, चाळीवजा घरांच्या गल्लीत तोकड्या. झाकण उचलायचं, कोळ्याचं जाळं बाजूला सारायचं, आकडा टिपायचा आणि उठताना यमक शोधायचं. कुत्रा मागे लागला की कडवं लवकर संपायचं, असं ते स्वतःच सांगत. आधी शब्द, मग शब्दांना जड जाणार नाही अशी चाल. त्यांच्या चाली सरळ घरी जाणाऱ्या माणसासारख्या होत्या. कुठे वळणार, ते आधीच कळायचं.

रेडिओ केंद्रावर दर रविवारी सकाळी एक नवं गाणं वाजवत. नऊ वर्षं ते गाणं बहुतेक वेळा बाबांचं असायचं. फार गाजलं असं एकही नाही, पण कुणी नावंही ठेवली नाहीत. केंद्रावरचे साहेब म्हणायचे, "तुमच्या गाण्याचं बरं असतं, वेळेवर येतं."

मग त्यांचा गुडघा गेला. खात्याने त्यांना फिरतीवरून काढून तक्रारींच्या टेबलावर बसवलं. आता दिवसभर लोक समोर येऊन ओरडायचे. कुणाची टाकी भरत नाही, कुणाच्या भिंतीतून पाणी झिरपतंय, कुणाच्या नळाला नुसती हवा येते. बाबा छापील फॉर्मवर लिहून घ्यायचे. पाय थांबले आणि गाणी थांबली. पहिल्या महिन्यात त्यांना वाटलं, सवय होईल. तिसऱ्या महिन्यात त्यांनी जुन्या दोन गाण्यांची कडवी उलटसुलट करून एक नवं गाणं करून दिलं. साहेबांनी ते ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "हे मी आधी वाजवलंय."

त्यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं ते मला चांगलं आठवतं, कारण तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि मला त्याची लाज वाटायची. बाबा पहाटे उठून जे मनात येईल ते तीन पानं लिहायचे. तीन पानं भरली की वाचायचे आणि फाडायचे. ते जमेना, तेव्हा बिस्किटांच्या डब्यात शब्दांच्या चिठ्ठ्या घातल्या. रोज डोळे मिटून तीन काढायच्या आणि त्यांचं गाणं करायचं. एकदा 'छत्री', 'उशीर' आणि 'मीठ' निघालं. त्यांनी खरंच चार ओळी लिहिल्या आणि आम्हाला वाचून दाखवल्या. मी हसून लोळले. आई हसली नाही. ती म्हणाली, "अहो, छत्रीवर मीठ कशाला पडेल?" बाबांनी वही मिटली.

मग खोलीतल्या खोलीत चालणं झालं. भिंतीपासून खिडकीपर्यंत सहा पावलं. सहा पावलांत काय बसणार! खालच्या मजल्यावरचे एक दिवस विचारायला आले, "वर कुणी आजारी आहे का?"

केंद्रावर एक म्हातारे व्हायोलिनवाले होते. बाबांच्या बहुतेक गाण्यांत तेच वाजवत. त्यांनी बाबांना बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं, "तुम्ही आयुष्यभर शब्दांना चाल लावलीत. आता उलटं करून बघा. आधी चाल, मग शब्द."

"चाल आणू कुठून?" बाबा म्हणाले.

"आणायची नसते. ती असतेच कुठेतरी. कान उघडे ठेवा."

बाबांनी घरी येऊन हे आईला कौतुकाने सांगितलं. आई तेव्हा माझ्या फ्रॉकची शिवण उसवत होती. "बरं सांगितलं त्यांनी," एवढंच म्हणाली.

आईबद्दल आता सांगायला हवं. ती एका मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला होती. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे झगे, सगळं तिथे धुतलं जायचं. मशीन इतकी मोठ्याने चालायची की बायका एकमेकींशी खुणेने बोलत. दुपारी तीनला ती सुटायची, घरी येऊन हातपाय धुवायची आणि खिडकीपाशी काहीतरी घेऊन बसायची. निवडणं, टिपणं, उसवणं. आणि गुणगुणायची. शब्द नसायचे. चाल तीन पायऱ्या चढायची, विसरल्यासारखी मध्येच थांबायची, आणि वर गेली त्या वाटेने खाली न येता भलत्याच वाटेने यायची. मी लहानपणी विचारलं होतं, हे कुठलं गाणं? ती म्हणाली होती, "कुठलं नाही गं. दिवसभर मशीन ऐकून कान भरतात, ते रिकामे करते." पंधरा-सोळा वर्षं बाबा त्या गुणगुणण्यात आपली यमकं जुळवत बसले होते. त्यांनी ते कधी ऐकलंच नव्हतं.

आता ऐकलं.

मी त्यांना लिहिताना बघायचे. ते ऑफिसातल्या तक्रारींच्या फॉर्मच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी खरडायचे. मला वाटायचं, राहिलेलं काम घरी आणलंय. आईलाही तसंच वाटत असणार. तिची पाठ त्यांच्याकडे असायची.

पंधरा दिवसांत बाबांचं गाणं तयार झालं. शाळा सुटल्याचं गाणं होतं. 'सुट्टी झाली, सुट्टी झाली, चला नदीच्या काठी', असा त्याचा मुखडा होता. शब्द त्यांचेच, नेहमीचे, साधेसुधे. पण चाल अशी काही मध्येच थांबायची की ऐकणारा श्वास रोखून धरायचा. साहेबांनी ते लागोपाठ दोन रविवार वाजवलं. नऊ वर्षांत असं झालं नव्हतं. लोकांची पत्रं आली. आमच्याच शाळेत बाईंनी ते मुलांकडून बसवून घेतलं. मुलं ते म्हणायची तेव्हा मी नुसते ओठ हलवायचे. का, ते मी स्वतःला विचारलं नाही. ती चाल मला ओळखू आली नव्हती असं मी म्हणणार नाही. आली होती. पण बाबा पुन्हा शीळ घालत दाढी करायला लागले होते, आणि घर पुन्हा घरासारखं झालं होतं.

वर्षभरात अशी अकरा गाणी झाली.

आईला ती माहीत नव्हती. रविवारी सकाळी तिची पाळी असायची, आणि बाबांची गाणी ती रेडिओवर ऐकायची थांबली त्याला कितीतरी वर्षं झाली होती. बाबा घरी ती म्हणत नसत. आधीची गाणी म्हणायचे, ही नाही. एवढ्यावरून तरी मला समजायला हवं होतं की आपण काय घेतलंय ते त्यांना स्वतःलाही ठाऊक आहे.

मग एका रविवारी धुलाईघराचा बॉयलर बंद पडला. सगळी मशीन थांबली. बायका अंगणात येऊन बसल्या, आणि पहारेकऱ्याच्या खोलीतला रेडिओ पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू आला. श्रोत्यांच्या आग्रहावरून म्हणून सुट्टीचं गाणं लागलं होतं. एकदोघी ताल धरून म्हणायला लागल्या. त्यांच्या मुलांना पाठ होतं ते.

आई त्या दिवशी लवकर घरी आली. बाबा जेवत होते, मी वाढत होते. तिने चप्पल काढली, पिशवी खुंटीला लावली आणि उभ्या उभ्याच विचारलं, "अहो, ते सुट्टीचं गाणं तुमचं का?"

"हो," बाबा म्हणाले.

"चाल पण?"

बाबांचा हात ताटातच राहिला. ते खोटं बोलू शकले असते. बोलले नाहीत, एवढं मी त्यांच्या बाजूने सांगते. पण खरंही बोलले नाहीत.

"मी कधीपासून म्हणतेय ते," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "कशाचं होतं ते मलाही माहीत नाही. पण सुट्टीचं नव्हतं."

"अगं, मी साहेबांना सांगतो. पुढच्या वेळी तुझं नाव सांगतील. संगीत म्हणून तुझंच नाव."

"माझ्या नावाचं काय करायचंय? आणखी आहेत का?"

बाबांनी मान हलवली.

"किती?"

"अकरा."

आई माझ्याकडे वळली. "तुला माहीत होतं?"

मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. मी माझ्या बापाची मुलगी.

ती आत गेली, साडी बदलून आली आणि आपलं ताट वाढून घेतलं. त्या दिवशी भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं होतं, असं मला पुढे कितीदा वाटलं. ती आमच्याशी बोलायची, स्वयंपाक करायची, बाबांच्या गुडघ्याला शेकायला पाणी गरम करून द्यायची. फक्त दुपारी खिडकीपाशी बसली की काहीच ऐकू यायचं नाही. सुईचा धागा ओढल्याचा आवाज मी त्या दिवसांत पहिल्यांदा ऐकला.

बाबांनी चार महिने वाट पाहिली. मग एक दिवस न राहवून म्हणाले, "अगं, म्हण ना काहीतरी. मी बाहेर जाऊन बसतो."

"मी मुद्दाम करत नाहीये हो," आई म्हणाली. मला वाटतं, तिला त्यांची कीवच आली होती. "येतच नाही. तोंड उघडलं की वाटतं, कुणीतरी लिहून घेतंय. त्याला शब्द नव्हते म्हणून तर मी ते म्हणत होते."

त्यानंतर बाबा केंद्रावर गेले आणि साहेबांना सांगून आले की आता गाणी देणार नाही. साहेब चकित झाले. "ऐन भरात आलात आणि आता थांबता?" बाबांनी कारण सांगितलं नाही. व्हायोलिनवाल्यांना मात्र सांगितलं असावं. कारण ते एकदा आमच्या घरी आले, चहा घेतला, आणि जाताना आईला म्हणाले, "वहिनी, सल्ला माझा होता."

"तुम्ही कान उघडे ठेवायला सांगितलं होतं," आई म्हणाली. "त्यात काय चुकलं?"

पुढची कितीतरी वर्षं बाबांनी काही लिहिलं नाही, पण बसत रोज. सकाळी चहा घेऊन टेबलाशी तासभर. समोर कोरा कागद. कधी एखादा शब्द लिहून त्याच्याभोवती चौकट काढायचे, मग चौकटीभोवती चौकट. आईने एकदा ते टेबल पुसताना कागद उचलून बघितला आणि होता तसा, त्याच जागी ठेवला.

मी शिकले आणि त्याच दवाखान्यात कागदपत्रांच्या विभागात चिकटले. एव्हाना आईची नोकरी जुनी झाली होती, म्हणून तिला मशीनवरून काढून घडीघरात दिलं होतं. घडीघर म्हणजे इमारतीच्या मागच्या बाजूची शांत खोली. वाळलेल्या चादरी तिथे येतात आणि दोन दोन बायका समोरासमोर उभ्या राहून त्यांच्या घड्या घालतात. धरायचं, ताणायचं, जवळ यायचं, टोकं जुळवायची, मागे जायचं. म्हाताऱ्या बायकांना हे काम देतात, कारण त्यात दगदग कमी. आईची एक ठरलेली जोडीदारीण होती, तिला मी मावशी म्हणायचे.

एकदा जिन्यात मावशी भेटली आणि म्हणाली, "तुझ्या आईमुळे दिवस कसा जातो कळत नाही बघ. काय गोड गुणगुणते! तिच्या चालीवरच आमच्या घड्या पडतात. ती थांबली की माझं टोक चुकतं."

मी जिन्यातच उभी राहिले. मावशीला वाटलं, मला बरं वाटत नाहीये.

मी ते आपल्यापाशी ठेवायला हवं होतं. पण बाबा त्या चौकटी काढत बसलेले मला रोज दिसायचे. मला वाटलं, त्यांना कळलं की ते बंद पडलेलं नाही, दुसरीकडे कुठेतरी चालू आहे, तर त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल. संध्याकाळी आई भाजी आणायला गेली तेव्हा मी सांगितलं.

बाबांनी चष्मा काढला. "गुणगुणते? खरंच?" आणि लगेच, "कुठली चाल?"

त्या दुसऱ्या प्रश्नावर मी सावध व्हायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पुढचं मला मावशीकडून कळलं. घडीघराला मागच्या अंगाला उंच जाळीच्या खिडक्या आहेत आणि त्यांच्या बाहेर ओल्या चादरी वाळत घालायच्या तारा. दुपारी बारा-साडेबाराची वेळ. दोघी घड्या घालत होत्या, आई गुणगुणत होती. खिडकीबाहेर चादरींच्या रांगेखालून दोन पाय दिसत होते. एक सरळ, एक जरा वाकडा टेकलेला. मावशीला वाटलं कुणी कामगार असेल. आईने त्या पायांकडे बघितलं, मावशीच्या भाषेत सांगायचं तर 'भिंतीकडे बघावं तसं बघितलं', आणि चाल जिथे होती तिथेच सोडली. हातातली घडी तिने पुरी केली. मावशीचं टोक चुकलं.

त्या दिवशी घरी बाबा आधीच आलेले होते. मी त्यांना दारातच गाठलं. "कागद नेला होता?"

"खिशात होता," ते म्हणाले. "काढला नाही. तुझी शपथ, काढला नाही. नुसतं ऐकत होतो."

"मग सांगा ना तिला तसं."

"तिने विचारलं तर सांगेन."

आईने विचारलं नाही. चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली, चहा टाकला. मी तिच्या मागे मागे स्वयंपाकघरात गेले आणि म्हणाले, "आई, मी सांगितलं होतं त्यांना. माझीच चूक."

"असू दे," ती म्हणाली. "तो साखरेचा डबा दे."

सोमवारी तिने मुकादमाला सांगून घडीघर सोडलं आणि परत मशीनवर बदली मागून घेतली. धुलाईघरात कुणाला ते पटेना. लोक मशीनवरून सुटायला वर्षानुवर्षं वाट बघतात. मुकादम म्हणाला, "बाई, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?" ती म्हणाली, "मला तिथे बरं वाटतं. कुणाचं काही ऐकू येत नाही." तिथे ती गुणगुणत होती की नव्हती, कुणालाच सांगता येणार नाही. मी एकदा मशीनच्या हॉलच्या दारात उभी राहून तिचे ओठ हलतात का बघायला लागले आणि मध्येच शरम वाटून परत फिरले.

निवृत्त होईपर्यंत, सात वर्षं ती तिथे राहिली. शेवटच्या दोन वर्षांत हाक मारली तर वळेनाशी झाली. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, आवाजाने कानाची नस गेली आहे, यंत्र लावलं तर थोडाफार उपयोग होईल. यंत्र आणलं. त्यात तिला सगळ्याचाच कलकलाट ऐकू यायचा, म्हणून ती ते काढून रुमालात बांधून ठेवायची. आम्ही पाटीवर लिहून बोलायला लागलो. मी एकदा लिहून विचारलं, डोक्यात तरी वाजतं का काही? तिने पाटी मांडीवर ठेवली. "नाही गं," म्हणाली. "तिथेही शांतच आहे."

बाबा पुन्हा लिहायला लागले ते तेव्हा. दिवसाला एक ओळ, कधी अर्धी. पायांनी नाही, चिठ्ठ्यांनी नाही, कुणाच्या चालीवरही नाही. मी विचारलं, आता कसं सुचतं? ते म्हणाले, "सुचत नाही. जे झालं ते लिहितो. यमक आलं तर आलं." महिन्याकाठी एखादं गाणं व्हायचं. गाणं म्हणायचं एवढंच, चाल लावायची त्यांनी हिंमतच केली नाही. स्वच्छ अक्षरात उतरवून ते आईपुढे ठेवायचे आणि समोर बसायचे. ती चष्मा लावून सावकाश वाचायची. कधी बोट ठेवून म्हणायची, "इथे दोन अक्षरं जास्त होतायत," आणि तिचं नेहमी बरोबर असायचं. बाबा लगेच खोडायचे. 'छान आहे' असं ती एकदाही म्हणाली नाही. त्यातल्या एका गाण्यात एक माणूस चादरींच्या मागे उभा होता. ते तिने दोनदा वाचलं, घडी घातली आणि आपल्या कपड्यांच्या कपाटात ठेवलं. बाकीची माझ्याकडे आहेत, एकोणतीस. मला त्यातलं फार कळत नाही. सुट्टीच्या गाण्यापेक्षा ती चांगली आहेत, एवढं कळतं. रेडिओवर पाठवू का, असं मी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "नको. ज्याला पोचायची त्याला पोचतात."

ते गेले सकाळच्या वेळी. टेबलाशी बसले होते, तिथेच. आई स्वयंपाकघरात होती. चहा घेऊन ती बाहेर आली तेव्हा त्यांचं डोकं टेबलावर होतं आणि खुर्ची थोडी मागे सरकलेली होती. मी कामावर होते. शेजारच्यांनी फोन केला.

आई आता माझ्याकडे असते. शांत असते, कसली मागणी नाही. दिवस दिवस खिडकीशी बसते आणि हातात काही घेत नाही. मात्र दोन-चार दिवसांनी एकदा तरी ती मला जवळ बोलावते, माझ्या तोंडाकडे बघत विचारते, "का गं, त्यांनी हाक मारली असेल का? खुर्ची सरकलेली होती. मला उठून शोधत असतील का?"

मी मान हलवते. मोठ्याने, तोंड नीट उघडून, तिला ओठांवरून वाचता येईल असं सांगते, "नाही आई. नाही मारली."

मी तिथे नव्हते, हे तिलाही माहीत आहे.